नायजेरियन ‘गेले’: कापडाच्या निवडीपासून निऱ्या उभ्या राहीपर्यंत

पश्चिम आफ्रिकेतील स्त्रिया डोक्याला जे कापड बांधतात, त्याचे नाव प्रांतागणिक बदलते आणि बांधणीही बदलते. घानामध्ये त्याला डुकू म्हणतात, सेनेगलमध्ये मुसोर, नायजेरियातील इग्बो स्त्रिया इचाफू; आणि लागोस, इबादान, अबेओकुटा या नैऋत्य नायजेरियातील शहरांत व शेजारच्या बेनिन देशात राहणाऱ्या योरुबा स्त्रिया त्याला ‘गेले’ म्हणतात. (मराठीत हा शब्द क्रियापदासारखा वाचला जाण्याची भीती आहे, म्हणून या लेखात तो सर्वत्र अवतरणचिन्हांत ठेवला आहे.) या सगळ्या प्रकारांत भारदस्त, उंच आणि शिकायला अवघड असे ‘गेले’च असल्यामुळे येथे मुख्यतः त्याची रीत दिली आहे, अंकारा या छापील सुती कापडाची रोजची बांधणी ओघात येईल.

योरुबा भाषेत एक म्हण आहे, तिचा आशय असा: ‘गेले’ जवळ असण्यात गोडी नाही, ते बांधता येण्यात आहे, आणि बांधता येण्यापेक्षाही ते आपल्याला शोभण्यात अधिक आहे. शिकण्याचा क्रमही यातून आपोआप ठरतो. आधी कापड, मग हात, मग चेहरा. नवशिक्या मंडळींचे लक्ष बहुधा वरच्या पंख्यासारख्या पिसाऱ्याकडे असते, परंतु पिसारा हा या कामाचा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग होय. ‘गेले’ टिकते ते कपाळावर बसलेल्या पहिल्या पट्टीवर आणि मानेच्या वर पडलेल्या ताणावर. ती पट्टी सैल राहिली, तर वर कितीही टाचण्या लावल्या तरी जेवणाच्या पंगतीपर्यंत सगळे मागे घसरते.

कापड कोणते घ्यावे

परंपरेने मानाचे कापड म्हणजे अशो-ओके. हे हातमागावर अरुंद पट्ट्यांत विणले जाते. एक पट्टी साधारण १० सेंटिमीटर रुंद असते आणि अशा पट्ट्या शेजारी शेजारी शिवून हवा तेवढा पन्हा तयार करतात. ओयो राज्यातील इसेयिन हे गाव या विणकामासाठी प्रसिद्ध आहे, आणि इबादानचा ओजे बाजार त्याच्या विक्रीसाठी. जुन्या अशो-ओकेचे तीन प्रतिष्ठित प्रकार मानले जातात: रानरेशमाच्या धाग्याचे बदामी-तपकिरी सान्यान, किरमिजी आलारी आणि गडद निळीत रंगवलेले एतू. आजच्या अशो-ओकेत सुती व कृत्रिम रेशमी धागे आणि जरीसारखी चमकदार तारही असते, त्यामुळे ते पूर्वीपेक्षा हलके झाले आहे. तरीही ते जाड आणि भरीव असल्याने त्याच्या बारीक निऱ्या पडत नाहीत. त्याची बांधणी मोठ्या, मोजक्या वळणांचीच करावी लागते. वयस्क स्त्रिया व घरच्या यजमानीणबाई बहुधा हेच बांधतात, आणि माझ्या मते कोणत्याही चकचकीत कापडापेक्षा ते अधिक रुबाबदार दिसते.

समारंभांच्या छायाचित्रांत जो उंच, कडक, थरांचा पिसारा दिसतो तो मात्र बहुतेक वेळा सेगो या कडक, चकचकीत कापडाचा किंवा दमास्क, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या कापडाचा असतो. सेगो हाताळताना कागदासारखे कुरकुरते. त्याला दिलेला आकार ते धरून ठेवते, आणि याच गुणामुळे चुकीच्या जागी पडलेली घडीही ते धरून ठेवते. एकदा पडलेली चुणी इस्त्रीनेही पूर्ण जात नाही. म्हणून सरावासाठी सेगोचे नवे कापड कधीही काढू नये. हे कापड बऱ्याचदा जोडीने विकले जाते, त्यातील एक डोक्याला बांधायचे आणि दुसरे इपेले म्हणून, म्हणजे खांद्यावर किंवा कमरेला घ्यायच्या शालीसारखे वापरायचे.

तिसरे अंकारा, म्हणजे मेणछपाईचे सुती कापड. ते आज पश्चिम आफ्रिकेची ओळख मानले जात असले, तरी त्याचा उगम जावा बेटावरील बाटिकची, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या कापडाची, यंत्रावर नक्कल करण्याच्या डच उद्योगात आहे. नेदरलँड्समधील हेल्मंड येथे १८४६ मध्ये स्थापन झालेली व्लिस्को कंपनी अजूनही हे कापड छापते. सुती असल्यामुळे ते केसांवरून घसरत नाही, चूक झाली तर सोडून पुन्हा बांधता येते आणि धुताही येते. शिकण्याची सुरुवात यावरच करावी. अंकाराचा पन्हा साधारण ४५ ते ४६ इंच असतो. दोन वार कापड घेऊन ते उभे मधोमध कापले व कडा दुमडून शिवल्या की दोन जणींची सोय होते.

भारताचा संबंधही कापडाच्याच वाटेने येतो. मद्रास भागात विणलेले चौकड्यांचे सुती कापड कित्येक पिढ्यांपासून पश्चिम आफ्रिकेत जात आले आहे. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील कालाबारी लोक त्याला इंजिरी म्हणतात आणि त्यातले ठरावीक धागे कापून स्वतःची नक्षी उठवतात. आणि ‘जॉर्ज’ या नावाने ओळखले जाणारे जे भरजरी कापड इग्बो स्त्रिया कमरेला गुंडाळून वर इचाफू बांधतात, त्याचे नाव चेन्नईच्या फोर्ट सेंट जॉर्जवरून आले आहे.

मापाविषयी एवढेच लक्षात ठेवावे की ‘गेले’साठी सुमारे दोन वार लांब आणि सुमारे एक वार रुंद कापड लागते. फेटा बांधणाऱ्या हाताला येथे एक सवय सोडावी लागते. फेट्याचे कापड लांब आणि मऊ असते, आणि पीळ देत थरावर थर चढवून त्याला आकार येतो. ‘गेले’चे कापड आखूड, रुंद आणि कडक असल्याने त्याचा डोक्याभोवती एक-दीड फेराच होतो, पीळ कुठेही द्यायचा नसतो आणि सारा आकार निऱ्यांतून काढायचा असतो.

बांधण्यापूर्वी

केस डोक्याला चिकटून बसतील असे मागे ओढून घ्यावेत. अंबाडा असेल तर तो उंच न घालता खाली, पण थेट मानेवर येणार नाही असा सपाट घालावा. कारण गाठ नेमकी त्याच्या खाली बसायची असते. त्यावर जाळीची किंवा पातळ सुती घट्ट टोपी घालावी. सेगो गुळगुळीत असल्यामुळे या टोपीवर कपाळाच्या कडेने मखमलीची रुंद पट्टी लावली, तर पकड बरीच वाढते. कानातले जड असतील तर ते आधीच घालून घ्यावेत, नंतर कडक कापडाखाली हात जात नाही. चेहऱ्याची रंगभूषाही आधीच उरकावी, मात्र कपाळाचा वरचा दोन बोटांचा भाग कोरडा ठेवावा, नाहीतर फिकट रंगाच्या कापडाच्या कडेला तेलकट डाग पडतो.

मोठा आरसा समोर आणि शक्य असल्यास एक लहान आरसा मागे ठेवावा. लहान-मोठ्या सेफ्टी पिना आणि डोके रंगीत असलेल्या लांब टाचण्या हाताशी असाव्यात. पहिल्या काही वेळा मागे उभे राहून टोक धरायला कोणी असेल तर फार बरे. नसेल तर बायका आखूड टोक सरळ दातांत धरतात.

बांधणी

कापड टेबलावर आडवे पसरून लांबीच्या एका कडेला सुमारे १० सेंटिमीटरची दुमड घालावी. दुमडीची घडी इस्त्रीने नव्हे, तळहाताने दाबावी. ही दुमडलेली कड कपाळावर येणार, आणि दुमडीमुळे ती दुहेरी झाल्याने ताण सहन करते, उसवत नाही आणि स्वच्छ रेषेत दिसते. उरलेला जवळजवळ ८० सेंटिमीटरचा भाग वर मोकळा राहील. पिसारा त्याचाच होणार आहे.

आता दुमडीचा चपटा भाग आतल्या अंगाला ठेवून कड दोन्ही हातांनी धरावी आणि भुवयांच्या साधारण दोन बोटे वर कपाळावर टेकवावी. कापड मधोमध धरायचे नाही: उजवे टोक कपाळाच्या मध्यापासून सुमारे ६५ सेंटिमीटर आणि डावे सुमारे ११५ सेंटिमीटर राहील असे धरावे. (डावखुऱ्यांनी उलट करावे.) कड कपाळावरून दोन्ही बाजूंना उतरत कानाच्या वरच्या भागावरून जाऊ द्यावी. कान पूर्ण झाकले तर तासाभरात दुखू लागतात आणि मांडवातल्या ढोलांच्या आवाजात शेजारणीचे बोलणेही ऐकू येत नाही. कान पूर्ण उघडे ठेवले तर कड वर सरकते. अर्धा कान आत, अर्धा बाहेर, ही नेहमीची तडजोड आहे.

दोन्ही टोके मागे नेऊन एकमेकांवरून ओलांडावीत. ही ओलांडणी कुठे होते यावर सगळे अवलंबून आहे. डोक्याच्या मागे कवटीचा जो फुगवटा हाताला लागतो, त्याच्या खाली, मानेवरचे केस जिथे सुरू होतात तिथे ती यायला हवी. पट्टी पुढे कपाळावर आणि मागे फुगवट्याच्या खाली अशी तिरपी बसली की ती वर सरकू शकत नाही, कारण वर जाण्यासाठी तिला फुगवट्याचा मोठा घेर ओलांडावा लागतो. हीच ओलांडणी फुगवट्यावर झाली, तर कितीही आवळले तरी कापड हळूहळू टोपीसारखे निघून येते. आखूड टोक डाव्या बाजूला खाली ओढून मदतनिसाच्या हाती द्यावे किंवा तात्पुरते पिनेने टोपीला अडकवावे.

या टप्प्यावर थांबून पट्टी तपासावी. कपाळ आणि कड यांच्यामध्ये करंगळी कशीबशी सरकली तर ताण बरोबर आहे. दोन बोटे सहज गेली तर सोडून पुन्हा बांधावे. कपाळावरची त्वचा ओढल्यासारखी वाटत असेल किंवा कानशिलात ठोके जाणवत असतील, तर थोडे ढिले करावे. ‘गेले’मुळे डोके दुखणारच असे अनेकजणी गृहीत धरतात, पण बहुतेक वेळा ते दुखणे चुकीच्या जागी बांधलेल्या पट्टीला जागेवर ठेवण्यासाठी जास्त आवळल्यामुळे असते.

आता लांब टोक. ते मागून उजव्या कानावरून पुढे येते, आणि कपाळावरून जाताना त्याच्या निऱ्या घालायच्या असतात. खालची कड आधीच्या पट्टीच्या कडेपेक्षा सुमारे दीड सेंटिमीटर वर ठेवून उजव्या कानशिलावर डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबून धरावी. उजव्या हाताच्या तर्जनी आणि अंगठ्याने त्याच्या वरचे कापड चिमटीत घेऊन खाली ओढावे आणि पहिल्या निरीच्या वर तितक्याच अंतरावर दुसरी निरी बसवावी. ती बसताच डावा अंगठा किंचित वर सरकून दोन्ही एकत्र दाबतो. मग तिसरी, चौथी. डावा अंगठा एकदाही कापडावरून उचलायचा नाही; त्याने सरकायचे, सुटायचे नाही. सराईत बांधणारीच्या हाताकडे पाहिले तर उजवा हात भराभर चालताना दिसतो, पण खरे काम कापड न सोडणारा डावा अंगठा करत असतो. पाच ते सात निऱ्या पुरेशा होतात. निऱ्यांचे अंतर कानशिलाजवळ कमी आणि कपाळाच्या मध्यावर किंचित जास्त राहिले, तर वरची मोकळी कड आपोआप पंख्यासारखी उलगडते.

निऱ्यांचा जुडगा तसाच दाबून धरत टोक डाव्या कानावरून मागे न्यावे, आखूड टोकाशी गाठ मारावी, ओढावी आणि दुसरी गाठ मारावी. गाठ फुगवट्याच्या खाली, ओलांडणीच्या जागीच यावी. उरलेली टोके लोंबती ठेवू नयेत. ती गाठीखाली खोचून पिनेने आतून अडकवावीत.

हे झाल्यावर डोक्यावर वर उघडा, अस्ताव्यस्त असा कापडाचा नळा दिसेल. घाबरण्याचे कारण नाही. मागच्या बाजूचे जादा कापड आत, टाळूकडे दुमडत न्यावे म्हणजे माथा झाकला जाईल आणि मागून पाहणाऱ्याला जाळीची टोपी दिसणार नाही. नंतर एकेका थराची वरची कड दोन बोटांत धरून बाहेर आणि किंचित पुढे ओढावी. सर्वांत बाहेरचा थर आधी, मग आतले. ओढताना दुसऱ्या हाताने त्याच थराचा कपाळाजवळचा भाग दाबून धरावा, नाहीतर वर पिसारा फुलतो आणि खाली निरी सुटते. पिना निऱ्यांच्या आतल्या घडीत, बाहेरून दिसणार नाहीत अशा आणि टोक डोक्याच्या विरुद्ध दिशेला राहील अशा लावाव्यात. चार-पाचांपेक्षा जास्त पिना लागत असतील, तर दोष पट्टीत आहे असे समजावे.

दोन्ही कानशिलांवर सारख्या निऱ्या घालून मध्ये इंग्रजी ‘व्ही’सारखा कोन आणण्याची सममित पद्धत गेल्या काही वर्षांत फार लोकप्रिय झाली आहे. ती स्वतःच्या डोक्यावर स्वतः बांधणे कठीण असते आणि त्यासाठी व्यावसायिक बांधणाऱ्या स्त्री-पुरुषांना बोलावतात. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये काम करणारे सेगुन ‘गेले’ हे तर याच कलेच्या नावाने ओळखले जातात. आधीच निऱ्या शिवून तयार केलेले, टोपीसारखे चढवायचे ‘ऑटो-गेले’ही बाजारात मिळते. घाईच्या वेळी ते उपयोगाचे आहे, परंतु त्याचा घेर आणि पिसाऱ्याची दिशा ठरलेली असल्याने ते प्रत्येक चेहऱ्याला सारखेच बसते, आणि म्हणीतला तिसरा भाग तिथेच निसटतो.

अंकाराची रोजची बांधणी

येथे दुमड अरुंद, पट्टी तीच, पण दिशा उलट: कापडाचा मध्य मानेवर ठेवून दोन्ही टोके कपाळावर आणावीत, एकदा ओलांडून गाठ मारावी आणि टोकांचा सैल वळसा करून गाठीभोवती गुलाबासारखा गुंडाळून खोचावा. गाठ नेमकी मध्यावर न ठेवता एका भुवईच्या वर ठेवली की अधिक शोभते. ही बांधणी कचेरीतही चालते. जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालक एन्गोझी ओकोन्जो-इवेआला, ज्यांनी मार्च २०२१ मध्ये पदभार घेतला, त्या पोशाखाच्याच अंकारा कापडाचे आटोपशीर शिरोवस्त्र बांधतात. लायबेरियाच्या माजी अध्यक्ष एलेन जॉन्सन सर्लीफ यांचीही तीच ओळख होती. कापड छापील आणि नक्षीदार असल्यामुळे आकार जितका साधा तितका चांगला.

चेहरा आणि प्रसंग

गोल चेहऱ्याला उंची द्यावी, लांबट चेहऱ्याला रुंदी. कपाळ अरुंद असेल तर कड केसांच्या रेषेवर न्यावी. भुवयांपर्यंत उतरवलेली कड डोळे लहान दाखवते. मान आखूड असेल तर मागचे कापड काटेकोर वर खोचावे, कारण मान जितकी मोकळी तितका पिसारा हलका वाटतो. चष्मा असेल तर बांधून झाल्यावर नव्हे, पट्टी तपासताना घालून पाहावा. आणि आरशात उभे राहूनच नव्हे, बसून, मान वळवूनही पाहावे. पिसाऱ्याची घडण हे स्वतंत्र शिल्पच आहे हे ज्यांना पटवून घ्यायचे असेल, त्यांनी नायजेरियन छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे (१९३०–२०१४) यांनी टिपलेली शिरोवस्त्रे अवश्य पाहावीत. कृष्णधवल छायाचित्रांत रंग नसल्यामुळे केवळ निऱ्यांची रचना डोळ्यांत भरते.

योरुबा पोशाखात ‘गेले’ एकटे नसते. कमरेला गुंडाळायचे इरो, वर बूबा हा सैल सदरा, खांद्यावर इपेले आणि डोक्याला ‘गेले’ असा तो संच आहे. लग्न, बारसे, साठी किंवा वृद्धाच्या निधनानंतरचा मोठा समारंभ अशा ओवाम्बे नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेजवान्यांत यजमान कुटुंब अशो-एबी ठरवते, म्हणजे नातेवाइकांनी आणि मित्रांनी कोणत्या रंगाचे वा कापडाचे कपडे घालायचे ते कळवते. नोकरी-व्यवसायानिमित्त लागोसमध्ये किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सहकाऱ्यांच्या घरच्या लग्नाचे असे निमंत्रण आले, तर कापड स्वतःच्या मनाने न घेता आधी रंग विचारावा. अशो-एबीचे कापड बहुधा यजमानांकडूनच विकत घ्यायचे असते आणि ते घेणे हाच आहेराचा एक भाग मानला जातो. वधू, तिची आई आणि वराची आई यांच्यापेक्षा आपला पिसारा उंच नसावा, हे कोणी सांगत नाही, पण लक्षात सर्वांच्या येते. पिसारा उजवीकडे झुकला तर विवाहित, डावीकडे झुकला तर अविवाहित असा एक संकेत सांगितला जातो. आजच्या समारंभांत तो काटेकोर पाळला जात नाही, म्हणून दिशा चेहऱ्याला शोभेल तशी ठेवायला हरकत नाही.

मोटारीत बसताना आधी डोके आणि मग पाय असे बसू नये. आधी बसावे, मग मान तिरपी करून आत घ्यावी. सभागृहात फार उंच पिसारा घेऊन पुढच्या रांगेत बसणाऱ्या बाईविषयी मागच्या रांगेचे मत सहसा चांगले नसते.

काढणे आणि ठेवणे

नीट बांधलेले सेगो सोडण्याची घाई करू नये. मागच्या गाठीखाली दोन्ही अंगठे घालून पट्टी थोडी सैल करावी आणि सगळे मागून पुढे असे टोपीसारखे उचलावे. आत मऊ कागदाचे गोळे भरून उंच डब्यात ठेवले तर त्याच रंगाच्या पोशाखावर पुन्हा वापरता येते. सोडायचेच असेल तर आधी सगळ्या पिना मोजून काढाव्यात, मग गाठ. सेगो आणि चमकदार तार असलेले अशो-ओके घरी धुऊ नये. घामाचा वास असेल तर सावलीत वाऱ्यावर टाकावे, डाग असेल तर ड्रायक्लीनला द्यावे. इस्त्री लागलीच तर कमी तापमानावर, उलट्या बाजूने आणि मध्ये सुती फडके घालून करावी, कारण कृत्रिम तार वितळून इस्त्रीच्या तळाला चिकटते. ठेवताना घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावे. अशो-ओकेच्या बाबतीत पट्ट्यांची शिवण नळीला समांतर नव्हे, आडवी राहील असे गुंडाळले तर शिवणीवर ताण येत नाही. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी उलगडून त्याला हवा द्यावी.